खुलासा : ऑपेरा हाउस पाडलेले नाही

‘आलम आरा’ हा पहिला बोलपट मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये प्रथम झळकला आणि ती वास्तू पाडून तेथे नवी इमारत बांधली, असा संदेश जळगाव, भुसावळ, धुळे येथील अनेकांच्या मोबाइलवर फिरत आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

हा बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातीलच मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला. पाडली गेली ती मॅजेस्टिकची इमारत. बहुधा तेथूनच ही गफलत झाली असावी. ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. मराठी रंगभूमीला प्रिय असलेल्या या नाट्यगृहाचे पुढे चित्रपटगृह झाले, १९९३ मध्ये ते बंद पडले आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली मूळ वास्तू जतन करून, तिचा जीर्णोद्धार करून, ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. या कामाचा युनेस्कोने २०१७ मध्ये गौरव केला.

खानदेशातून मुंबईला जाणाऱ्यांनी चर्नी रोड स्थानकाजवळची ही वास्तू अवश्य पाहावी. सभागृहात मान वर केली की आठ भागांत रंगवलेला जुना घुमट आजही दिसतो. हा संदेश ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी कृपया ही दुरुस्तीही पाठवावी.