रूम कुठली घेताय, ते आधी सांगा

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की डॉक्टर कोण आणि हॉस्पिटल कुठलं यावर रात्री जागवल्या जातात. पॉलिसीत काय लिहिलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच, तर एखादे काका हमखास म्हणणार, "माणूस महत्त्वाचा की पैसा?" की सगळे गप्प. या एका वाक्याने जितक्या घरांचे पैसे बुडवलेत, तितके विमा कंपन्यांनीही बुडवले नसतील, असं माझं मत आहे.

नातेवाइकांच्या मेडिक्लेमची कागदपत्रं वाचून द्यायचं काम माझ्याकडे येतं. (हौस म्हणा.) पण फोन येतो तो थेट डिस्चार्जच्या दिवशी. पेशंट घरचे कपडे घालून खुर्चीत बसलेला, हातावर सलाइनची पट्टी, आणि टीपीए डेस्कवरून (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) निरोप की एवढे भरा, मग सोडतो. "पण आपलं कॅशलेस होतं ना?" होतं की. कॅशलेस म्हणजे कंपनी हॉस्पिटलला परस्पर पैसे देते, फुकट नव्हे. ॲडमिट होताना मंजूर झालेली रक्कम ही सुरुवातीची मंजुरी असते. खरा हिशेब अंतिम बिलावर होतो.

आणि त्या हिशेबात मोठा फटका बसतो तो रूमचा. समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि रूमभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची रूम घेतली, ४ दिवस राहिलात. आपला हिशेब सरळ: वरचे ३,००० रोज, म्हणजे १२,००० खिशातून गेले, जाऊ देत. कंपनीचा हिशेब तसा नसतो. ८,००० पैकी ५,००० म्हणजे ६२.५ टक्के, तर रूमच्या दर्जाशी जोडलेला बाकीचा खर्चही ६२.५ टक्केच मिळणार. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग, सगळं त्यात आलं. रूमभाड्यासकट हा खर्च १,६०,००० असेल तर हातात येणार १ लाख. ६०,००० तुमचे. याला म्हणतात प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे त्याच प्रमाणात कपात. मुळात पुष्कळ हॉस्पिटलांचं दरपत्रकच रूमनुसार बदलतं. तोच सर्जन, तेच टेबल, पण डिलक्सच्या पेशंटला फी जास्त. का, ते मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

पण या कात्रीलाही मर्यादा आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांच्या बिलात अशी कपात करता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आणि ज्या हॉस्पिटलात रूमनुसार दर बदलतच नाहीत, तिथे रूमभाड्यातला फरक सोडून बाकी कपात लागूच होत नाही. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०२० मध्येच हे स्पष्ट केलंय. डिडक्शनचा कागद हातात आला की ओळ न् ओळ ताडून बघा.

"पॉलिसी पन्नास पानांची, कोण वाचणार?" हे मान्य. म्हणून तर १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत नव्या नमुन्यातलं कस्टमर इन्फर्मेशन शीट, सीआयएस, द्यावं लागतं. मोजक्या पानांत रूमची मर्यादा, को-पे (मंजूर दाव्यातला आपला वाटा), सब-लिमिट (एखाद्या उपचारापुरती वेगळी मर्यादा), वेटिंग पीरियड (दावा करण्याआधी थांबायचा काळ) सगळं असतं, आणि मागितलं तर मराठीतही मिळायला हवं. मागा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत को-पेचा रकाना आधी बघा. २० टक्के लिहिलं असेल तर मंजूर झालेल्या दर लाखामागे २०,००० तुम्हालाच भरायचेत. मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनला बऱ्याचदा वेगळी मर्यादा असते. आधीपासूनच्या आजारांसाठीचा वेटिंग पीरियड आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे. पूर्वी ४ होता.

आणखी एक. "दोन दिवस ॲडमिट करून सगळ्या तपासण्या करून घेऊ, इन्शुरन्स आहेच" हा सल्ला ऐकून कुणी ॲडमिट होऊ नका. निव्वळ तपासण्यांसाठी झालेलं ॲडमिशन बहुतेक पॉलिसींमध्ये चक्क वगळलेलं असतं.

ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर हॉस्पिटलकडून लेखी एस्टिमेट घ्या आणि ते कुठल्या रूमचं आहे ते त्यावर लिहून मागा. हेच हॉस्पिटल आजच्या तारखेला आपल्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कॅशलेसच्या यादीत, आहे का, हे कंपनीला विचारा, हॉस्पिटलच्या जुन्या बोर्डावर जाऊ नका. मग टीपीए डेस्कवर विचारा की यात कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत. ग्लोव्हज, डायपर असल्या ६८ बाबींची यादीच आहे, ज्यांचे पैसे पॉलिसीत वेगळं कव्हर नसेल तर सहसा मिळत नाहीत. यात लाजण्यासारखं काय आहे? रिक्षात बसताना मीटर बघतोच ना आपण? इमर्जन्सी वेगळी. तिथे पेशंट आत जातो आणि कागद मागाहून. पण तेव्हाही घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये पॉलिसीची पीडीएफ असावी. पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे ते स्वतःच बेशुद्ध आणि कपाटाची किल्ली कुठे ते कुणालाच माहीत नाही, असं होतं.

आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे आहेत. पेशंटच्या माथी नाही. विनंती किती वाजता पाठवली ते डेस्कवरून लिहून घ्या, नुसतं "पाठवलंय" ऐकून परत येऊ नका.

दावा नाकारला किंवा कापला तर कुठल्या कलमाखाली, ते लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं.