वालाची मोजणी

परवा सकाळी सव्वासहा वाजता मी एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना चहाच्या चमच्यासकट रंगेहाथ पकडलं, आणि शेवटी सॉरी मलाच म्हणावं लागलं. ते अजून पचलेलं नाही.

आधीची गोष्ट थोडक्यात. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत दोन फूट रुंदीची मातीची पट्टी आहे. तिच्यात आधी तुळस होती, मग एक बेवारस सायकल. कमिटीला रीतसर अर्ज देऊन ती पट्टी मी मागून घेतली आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिच्यात एकवीस कडवे वाल पेरले. आईचं माहेर अलिबागकडचं. तिकडे भात कापलं की त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. वरून पाणी नाही, लाड नाहीत. मी मात्र दाणे निवडून घेतले, रात्रभर भिजवले, मातीत शेणखत कालवलं, वीतभर अंतर मोजलं आणि प्रत्येक दाणा बोटाच्या दोन पेरांएवढा खोल सरकवला. आई गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "पेरणी आहे का बारसं?"

पाच-सहा दिवसांत वाल वर यायला हवा. सहा झाले, आठ झाले, दहा झाले. पट्टी आपली सपाट, काळी, मख्ख. मी पाणी वाढवलं, मग घाबरून कमी केलं. वाण्याला जाऊन विचारलं की वाल जुने होते का. तो म्हणाला, "खायला दिले होते, पेरायला नाही." खतावर संशय घेतला, कबुतरांवर घेतला, आणि एका रात्री तर आईवरही घेतला, कारण भिजलेला वाल दिसला की या घरात त्याचं बिरडंच होतं.

बहीण इंग्लंडात असते. तिच्या परसात बाकला लावतात. तिकडे त्याला ब्रॉड बीन म्हणतात. आपल्या वालाचा दूरचा, जाडजूड, गोरा चुलतभाऊ. तिच्याकडच्या वाणाचं नाव ‘अ‍ॅक्वाडुल्से क्लॉडिया’, आणि या नावाची बाई नोव्हेंबरच्या थंडीत उघड्या मातीत दोन इंच खोल झोपते, हिवाळा काढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला शेंगा देते. "आमच्याकडे उंदीर दाणे उकरून नेतात," बहीण म्हणाली, "तुझ्याकडे उंदीर आहेत का?" उंदीर नव्हते. काय होतं ते मला अजून कळायचं होतं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. पट्टीत काडेपेटीच्या काड्या टोचलेल्या दिसायच्या. मी वॉचमनला बाजूला घेऊन बिडीवर छोटंसं व्याख्यान दिलं. तो बिचारा माळकरी निघाला. गळ्यातली माळ दाखवून गप्प उभा राहिला. ती माफी अजून मागायची राहिली आहे.

तर परवा. झोप मोडली म्हणून दूध आणायला खाली उतरलो, तर पट्टीजवळ दुसऱ्या मजल्यावरचे काका उकिडवे बसलेले. कानटोपी, स्वेटर, मांडीवर डायरी, कानामागे पेन्सिल, हातात चहाचा चमचा. जन्मभर मोजणी खात्यात काढलेला माणूस. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी जिन्याच्या पायऱ्या मोजत चढतात. शांतपणे त्यांनी माती बाजूला केली, माझा वाल चिमटीत उचलला, फुंकर मारली, रस्त्यावरच्या दिव्याकडे धरून बघितला आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

"काका! काय करताय?"

"शू. चौदा नंबर चाललाय."

"चौदा नंबर काय?"

"वाल. पूर्वेकडून चौदावा. हे बघ, काडी लावलीय ना शेजारी? खूण असल्याशिवाय उकरू नये. नाहीतर कुठला कुठे कळत नाही."

"पण उकरायचंच कशाला?"

"अरे, आला का ते बघायला नको?" हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की क्षणभर मलाच वाटलं, खरंच, मी कसा नाही बघितला. "तू पेरून मोकळा झालास. मी रोज येतो. पहिल्या दिवसापासून."

"रोज? सगळे?"

"छे, सगळे रोज कसे होतील. आज सम, उद्या विषम. आणि परत जिथल्या तिथे ठेवतो हो, एकही उलटा नाही ठेवला." डायरी पुढे केली. "बघ."

बघितली. बँकेची जुनी डायरी, तीत पट्टीचा नकाशा, दिशादर्शक बाणासकट. खाली तक्ता. ‘वाल क्र. ३, फुगलेला. क्र. ६, साल सुटू लागली. क्र. ९, मोड अर्धा सें.मी.’ चार दिवसांनी पुन्हा ‘क्र. ९, मोड अर्धा सें.मी.’ आणखी दोन दिवसांनी ‘क्र. ९, मोड तुटला. कारण अज्ञात.’

"कारण अज्ञात?" मी म्हणालो. खरं म्हणजे ओरडलो.

"मीही विचार केला त्याच्यावर," काका म्हणाले. "मला वाटतं, बियाणंच कमजोर."

इथे माझा तोल गेला. वाल कसा उगवतो हे तोवर मला तोंडपाठ झालं होतं आणि ते कुणालातरी सुनवायचंच होतं. आधी मूळ खाली जातं, काका. ते मातीला चिकटतं. मग देठ वाकून, मान खाली घालून, ते दोन्ही दळं ओढत वर आणतं. आधार मुळाचा असतो. तुम्ही दर दोन दिवसांनी त्याला उपटून दिव्यापुढे धरताय! त्यानं मूळ रोवायचं कुठे, तुमच्या डायरीत?

आवाज चढला असणार, कारण तीन खिडक्यांत दिवे लागले. काकू गॅलरीत आल्या, "काय झालं हो?" काकांनी चमचा खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवून भिंतीला टेकले. नंतर कळलं, कानटोपी सरळ करताना नेहमीच तसे टेकतात. पण त्या क्षणी सगळ्या बिल्डिंगला दिसलं ते एवढंच, की एक धडधाकट माणूस पहाटे म्हाताऱ्यावर वालांवरून ओरडतोय. म्हणून मी सॉरी म्हणालो. सॉरी म्हणताना चौदा नंबर माझ्या मुठीत होता, मोडासकट.

पायथागोरसनं शिष्यांना बाकल्यापासून लांब राहायला सांगितलं होतं, अशी आख्यायिका आहे. त्रिकोणाचा प्रमेय शाळेत दोन वर्षं घोकून घेतला, ही उपयोगाची गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही.

आणि हे फक्त काकांचं नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या पाकिटात कुणी हात घालत नाही, पण दुसऱ्याच्या कुंडीत बोट घालायला कुणाला काही वाटत नाही. ओली आहे का बघतात, पान चुरगळून वास घेतात, कळी दाबतात. वर सल्ला देतात. तीन नंबरवाल्यांनी ईशान्येला शेंगभाजी नको म्हणून सांगितलं. कमिटीचे सेक्रेटरी दर रविवारी विचारतात, "उत्पन्न निघालं तर सोसायटीचा हिस्सा किती?" अहो, उत्पन्न! मला एक हिरवं टोक बघायचं होतं. मुलीला दाखवायचं होतं. तिला वाल म्हणजे पिशवीतून येतो एवढंच माहीत आहे, आणि बारा दिवस रोज शाळेत जाताना ती पट्टीकडे बघून माझ्याकडे बघायची. त्या नजरेचा हिशेब कुठल्या डायरीत नाही.

संध्याकाळी काकांनी वर बोलावलं. गेलो, कारण नाही गेलो असतो तर त्याचीही चर्चा झाली असती. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात चार रोपं उभी होती. ताठ, रुंद पानांची, तिसरं पान उलगडत असलेली.

"हे कुठले?"

"तुझेच. दोन, सात, अकरा, अठरा. नमुना म्हणून आणले होते. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि हे उकरून बघत नाही तुम्ही?"

काकांनी आत स्वयंपाकघराकडे बघितलं. "ही हात लावू देत नाही," आवाज खाली आणून म्हणाले. मी एका रोपाच्या बुडाशी माती दाबून बघायला वाकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "अंहं. हात नको लावूस. त्यांना चालत नाही ते."

दुसऱ्या पेरणीसाठी मी पाव किलो वाल बाजूला ठेवले होते. काल ते आईनं भिजवलेले दिसले, आज फडक्यात बांधलेले. एकूणएक दाण्याला बोटाच्या पेराएवढा मोड. दुपारभर आई आणि मुलगी कोमट पाण्यात घालून सालं काढत बसल्या, आणि रात्री बिरडं झालं, नारळाचं दूध घालून. चांगलं झालं होतं, हे म्हणायला जिवावर आलं. आईनं एक वाडगा वरही पाठवला. "म्हाताऱ्या माणसाला बोललास," म्हणाली.

तासाभरानं काका स्वतः वाडगा परत द्यायला आले. दुसऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये म्हणतात. वाडग्यात काडेपेटीच्या एकवीस काड्या होत्या, धुऊन पुसून, रबरबँड लावून. त्यांतल्या चारांचा गुल मोडलेला होता.

"ते नमुन्याचे," काका म्हणाले. "आता कधी पेरतोयस?"