फणसाच्या लाकडाच्या पेनाबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या आपल्या मित्राला वाढदिवसाची भेट म्हणून आपण फेब्रुवारीत आमच्याकडून शाईचे एक लाकडी पेन करून घेतले होते. आता जूनमध्ये त्याबद्दल आपण चार तक्रारी नोंदवल्या आहेत: लाकडाला दिलेला पिवळा रंग उतरून पेन तपकिरी झाले, त्यावर पांढरट डाग पडले, पितळी कडीपाशी नख अडकते, आणि निब, क्लिप वगैरे विकत आणलेली असताना ३,२०० रुपयांच्या वस्तूला हस्तनिर्मित म्हणणे ही फसवणूक आहे. आपला अभिप्राय वाचून इतर ग्राहकही आपले मत बनवणार, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

रंगाचा आरोप सर्वांत गंभीर आहे, म्हणून तो आधी घेतो. त्या पेनाला आम्ही कोणताही रंग दिलेला नाही. फणसाच्या गाभ्याचे लाकूड लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कोरणाऱ्या यंत्रावर, ताजे कातले की हळदीच्या जवळ जाणारे पिवळे दिसते. हा पिवळेपणा लाकडातच असलेल्या मोरिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि थायलंडमधील बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगवण्यासाठी याच गाभ्याचा काढा पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. उजेड आणि हवा लागत गेली की तेच लाकूड आधी सोनेरी, मग तांबूस आणि शेवटी गडद तपकिरी होते. कोकणातल्या जुन्या घरांत फणसाचा देव्हारा किंवा तुळई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शेवटचा रंग चांगला ओळखीचा असेल. आपण जोडलेल्या छायाचित्रातच याचा पुरावा आहे. क्लिप थोडी सरकली आहे आणि तिच्याखाली झाकला गेलेला अरुंद पट्टा अजून पिवळाजर्द आहे, तर उघडा भाग गडद झाला आहे. वरून लावलेला रंग उन्हाने उडाला असता, तर उघडा भाग फिका पडला असता आणि झाकलेला गडद राहिला असता. इथे नेमके उलट घडले आहे. ‘फणस म्हणजे जळाऊ लाकूड’ असेही आपण लिहिले आहे. ज्या लाकडाचे खोड कोरून मृदंगम आणि तंजावरची वीणा घडवतात, त्याला जळाऊ म्हणणे मला तरी पटत नाही.

पांढरट डागांचे कारण आपल्याच अभिप्रायात आले आहे. पेन ‘रोज सॅनिटायझरने पुसून स्वच्छ ठेवूनही’ खराब झाले, असे आपण म्हणता. त्या पेनावर लाखेचे, म्हणजे चपडीचे पॉलिश आहे. चपडी पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते; पॉलिशवाले तिचे द्रावण स्पिरिटमध्येच करतात. सॅनिटायझरमध्ये साठ-सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असते, त्यामुळे प्रत्येक पुसण्यागणिक पॉलिशचा थर मऊ पडून उचलला गेला आणि उरलेल्या थरात पाण्याचा अंश शिरून तो धुरकट झाला. छायाचित्रातले डागही बोटांच्या ठशांसारखे गोल नाहीत. फडके ज्या दिशेने फिरले त्या दिशेने ते लांबट आहेत. स्पिरिट, सॅनिटायझर आणि अत्तर यांपासून पेन दूर ठेवावे, अशी चिठ्ठी आम्ही प्रत्येक पेटीत ठेवतो. अर्थात भेटवस्तूच्या पेटीतली चिठ्ठी घेणाऱ्याने वाचलीच असेल, असे कोणी धरून चालू नये.

मग लाखच का लावली, हा प्रश्न योग्य आहे. हल्ली लाकडी पेनांवर बहुतेक कारागीर सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या डिंकाचे पातळ थर चढवून घासतात. ते टिकाऊ असते, सॅनिटायझरला सहसा दाद देत नाही आणि मागणी असेल तेव्हा आम्हीही तेच करतो. परंतु आपल्या मागणीत हे वाक्य होते: ‘मित्र स्वतः लेथवर पेने करतो, त्याला प्लॅस्टिकसारखी चकाकी अजिबात आवडत नाही.’ त्या एका वाक्यावरून आम्ही लाख निवडली. स्वतः कातकाम करणाऱ्या माणसाच्या हाती पेन जाणार असेल, तर त्याला लाकूड लाकडासारखे हाताला लागावे, हा विचार मला आजही योग्यच वाटतो.

कडीपाशी नख अडकण्याचे कारण हवेत आहे. सुमारे ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास पाणी टिकून राहते. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की ते प्रमाण ६ टक्क्यांच्या जवळ येते. पेन कातले गेले सिंधुदुर्गात आणि त्याने पहिला उन्हाळा काढला नागपुरात, तोही मे महिन्यातला. लाकूड आडव्या अंगाने आकसते, पितळ आकसत नाही. त्यामुळे जिथे दोन्ही एका पातळीत घासलेले असतात, तिथे अगदी बारीक पायरी तयार होते आणि नखाला ती लगेच जाणवते. आतली पितळी नळी आम्ही झटपट डिंकाऐवजी इपॉक्सी या दोन घटक मिसळून लावायच्या गोंदाने बसवतो. ते किंचित लवते, म्हणून लाकडाला उभी भेग गेलेली नाही. पाऊस मुरला की ही पायरी बरीच कमी होईल.

आता ‘हस्तनिर्मित’ या शब्दाबद्दल. निब, शाई खेळवणारा फीड, क्लिप आणि आटे असलेले धातूचे भाग आम्ही तयार घेतो, आणि हे विक्रीच्या वर्णनात पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले आहे. पोलादी निब दाबून, चिरून, तिच्या टोकाला कठीण धातूचा कण जोडण्याचे काम यंत्रांचे आहे. हायडेलबर्गची बॉक आणि बर्लिनची जोवो या जर्मन कंपन्यांच्या निबा जगभरातल्या अनेक छोट्या पेननिर्मात्यांच्या पेनांवर दिसतात, ते याच कारणामुळे. आपल्या मित्राने पाहताक्षणी ‘हे किट आहे’, म्हणजे अशा तयार भागांचा संच वापरलेला आहे, असे म्हटले, यात नवल काहीच नाही. त्यांच्या स्वतःच्या लेथवरही बहुधा अशीच किटे चढत असतील.

लाकडाचे काम मात्र सगळे हाताचे आहे. टोपण आणि दांडा एकाच तुकड्यातून काढले आहेत, त्यामुळे टोपण लावल्यावर गाभ्यातली एक गडद रेषा वरपासून खालपर्यंत सलग जाते. आट्यांना तीन तोंडे असल्याने, म्हणजे टोपण तीन जागांवरून फिरवून बसवता येत असल्याने, ही रेषा तीनपैकी एकाच स्थितीत जुळते. मित्राला हे एकदा करून पाहायला सांगावे. कातकाम करणाऱ्याला त्यात काय मेहनत असते ते सांगावे लागणार नाही. ३,२०० रुपयांपैकी किटचे साधारण १,१०० रुपये होतात, बाकीची रक्कम लाकूड, मजुरी आणि पेटीची आहे. किंमत जास्त वाटणे हा आपला अधिकार आहे, त्यावर वाद घालणार नाही.

पूर्ण पैसे परत करता येणार नाहीत, हे दूरध्वनीवर सांगितले होते आणि इथेही सांगतो, कारण पेन मागणीबरहुकूम केलेले होते आणि ते लिहिते आहे. लाखेचा थर मात्र पुन्हा विनामूल्य चढवून देऊ. हवा असल्यास त्याऐवजी सॅनिटायझरला टिकणारा दुसरा थरही देऊ. कोणता द्यायचा ते आपल्या मित्रानेच ठरवावे. फक्त पेन आत्ता पाठवू नये. कोकणातल्या पावसाळी हवेत चढवलेली लाख ओलावा धरून लगेच धुरकटते, म्हणून ते ऑक्टोबरात पाठवावे. दिवाळीपूर्वी परत मिळेल. तोपर्यंत कोरड्या सुती फडक्याशिवाय त्याला काही लावू नये.

त्या पेनाच्या फळीतले दोन चौकोनी तुकडे आमच्याकडे शिल्लक आहेत. ते आपल्या मित्राला त्यांच्या लेथसाठी पाठवावेत, अशी इच्छा आहे. त्याचे पैसे नाहीत. टोकांना मेण लावून पाठवू. भोक पाडण्याआधी महिनाभर ते नागपूरच्या हवेत तसेच राहू द्यावेत, म्हणजे कडीपाशी पायरी होण्याचा प्रश्न बराच कमी होईल. फेब्रुवारीतला पत्ता अजून तोच असेल, तर तेवढे कळवावे.

आपला,
कार्यशाळेचा चालक