कोलंबस रस्त्यावरचं पिन्सोनचं घर

दक्षिण स्पेनमधल्या पालोस दे ला फ्रोन्तेरा गावात कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीतला एक कप्तान, मार्तिन आलोन्सो पिन्सोन, याचं घर आहे. आता तिथे संग्रहालय आहे, आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला नाव कोलंबसाचं. गावात कुणाला हे बोलून दाखवलं की माणूस हसतो, पण ते हसू जरा तिरकं असतं. मी सेव्हियात राहतो. तिथून पालोस शंभरेक किलोमीटर. भारतातून पाहुणे आले की त्यांना कोलंबस बघायचा असतो आणि मी त्यांना पिन्सोन दाखवून आणतो.

तिघे भाऊ. मार्तिन आलोन्सो ‘पिंता’ जहाजाचा कप्तान, मधला फ्रान्सिस्को त्याच जहाजावर त्याच्या हाताखाली, आणि धाकटा विसेन्ते यान्येस ‘नीन्या’चा कप्तान. कोलंबसाकडे राजाराणीचा हुकूम होता. २३ मे १४९२ रोजी तो पालोसच्या सान होर्हे चर्चमध्ये वाचून दाखवला गेला: गावाने दोन जहाजं द्यायची, मागच्या कुठल्याशा गुन्ह्याची शिक्षा म्हणून. गावाने हुकूम मान्य केला आणि कुणी जागचं हललं नाही. परक्या माणसाच्या भरवशावर कोण मरायला जाणार? मार्तिन आलोन्सो पुढे झाला, त्याने पदरचे पैसे घातले, तेव्हा कुठे खलाशी मिळाले. इथे दारिद्र्यात कशाला कुजता, चला, तिकडे घरांवर सोन्याची कौलं आहेत, असं तो सांगत फिरत होता, ही आठवण एका साक्षीदाराने पुढे कोर्टात नोंदवून ठेवली आहे.

त्याच पालोसच्या चहूबाजूंनी आज स्ट्रॉबेरीचं प्लास्टिक पसरलेलं दिसतं. हंगामात मोरोक्कोच्या बायका करारावर तोडणीला येतात. त्यांना तिकडे कुणी कसली कौलं दाखवली असतील कोण जाणे. आम्हा लॅपटॉपवाल्यांना दाखवली होती ती मात्र चांगली आठवतात.

सफरीतलं भांडण थोडक्यात असं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मार्तिन आलोन्सोने नैऋत्येकडे वळायचा आग्रह धरला आणि जमीन आधी दिसली ती त्याच्याच जहाजावरून, पण तिचं इनाम कोलंबसाने स्वतःकडे घेतलं. २१ नोव्हेंबरला क्यूबाजवळ ‘पिंता’ वेगळी झाली. कोलंबसाच्या रोजनिशीत लिहिलंय की पिन्सोन हावेपोटी, न विचारता निघून गेला. ६ जानेवारीला भेट झाली तेव्हा पिन्सोनने आपला नाइलाज होता असं सांगितलं. परतीच्या वादळात पुन्हा फाटाफूट झाली. कोलंबस लिस्बनला लागला, पिन्सोन त्याच्या आधी गॅलिशियातल्या बायोनाला. १५ मार्च १४९३ रोजी दोघं एकाच दिवशी पालोसला पोचले. मार्तिन आलोन्सो आजारी होता, तो थोड्याच दिवसांत गेला. स्वतःची बाजू लिहून ठेवायला त्याला वेळच मिळाला नाही.

खरा मजकूर इथून पुढे सुरू होतो. कोलंबसाला १७ एप्रिल १४९२ च्या करारात वंशपरंपरागत पदं आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा कबूल केला होता. बेटं सापडत गेली तसा तो दहावा हिस्सा राजदरबाराला जड व्हायला लागला. कोलंबसाच्या मुलाने, दिएगोने, हक्कासाठी दावा लावला आणि तो खटला वर्षानुवर्षं चालला. दरबाराचा वकील काय करत होता? पालोस, मोगेर, उएल्वा, लेपे इथल्या जुन्या खलाशांना बोलावून क्रमवार प्रश्न विचारत होता: मार्तिन आलोन्सो नसता तर कोलंबस गेला असता का? परत फिरायची वेळ आली तेव्हा धीर कुणी दिला? पिन्सोनच्या मुलाने तर सांगितलं की बापाने रोमला पोपच्या ग्रंथालयात या देशांबद्दलचा कागद आधीच पाहिला होता.

आता बघा, राजाला पालोसच्या दर्यावर्दी घराण्याचा एवढा उमाळा का यावा? श्रेय पिन्सोनकडे सरकलं तितके कोलंबसाच्या वारसांचे हक्क कमी होणार होते. १५१९ मध्ये पिन्सोन वंशजांना मानचिन्ह मिळालं, त्यावर तीन जहाजं. १५३६ मध्ये तडजोड झाली तेव्हा कोलंबसाच्या नातवाला जमैका बेट, वेराग्वाची जहागीर आणि वर्षाला १०,००० दुकाट मिळाले. एकाला चित्र, दुसऱ्याला बेट.

पालोसच्या अभिमानी माणसांशी माझं इथेच वाजतं. त्यांना ‘खरा शोधक आमचा’ एवढंच हवं असतं. मार्तिन आलोन्सोने कॅरिबियनमधल्या एस्पान्योला बेटावरून चार पुरुष आणि दोन मुली जबरदस्तीने जहाजावर घेतल्या आणि कोलंबसाने त्यांना परत किनाऱ्यावर सोडायला लावलं, हे ते सांगत नाहीत. कोलंबसाने स्वतः आधी माणसं पकडली होती, हे त्याचे भक्त सांगत नाहीत. विसेन्ते जानेवारी १५०० मध्ये, पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या आधी तीन महिने, ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तिथली माणसं त्यानेही पकडून नेलीच.

इकडे हे वाचत असताना महाराष्ट्रातले व्हिडिओ येतच असतात. निवडणुका जवळ आल्या की रायगडावरच्या समाधीचा वाद उकरला जातो: समाधी फुल्यांनी शोधली की टिळकांनी उभारली? फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ चा, टिळकांची स्मारकासाठीची वर्गणी १८९५ ची. मधे २६ वर्षं आहेत. दोघांनी आपापलं काम केलं म्हणायला कुणाची हरकत असावी? पण तसं म्हटलं तर कुणाची मतं हलत नाहीत. पालोसमध्ये मला पडला तोच प्रश्न इथेही पडतो: हा साक्षीदार कुणी बोलावलाय, आणि कुणाचा दहावा हिस्सा वाचतोय?

मी मूळचा अलिबागचा, म्हणून आंग्र्यांचं आठवल्याशिवाय राहत नाही. कान्होजी १७२९ मध्ये गेले, मागे मुलं भांडली. बाजीरावांनी मानाजींना कुलाबा आणि एक किताब, संभाजींना सुवर्णदुर्ग आणि सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, देऊन निवाडा केला. दोघांचा मान राहिला आणि आरमाराचे दोन तुकडे झाले. १७५६ ला विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात पेशवे इंग्रजांच्या जोडीला उभे होते. घराण्याचा गौरव करणारा वरचा हात त्या घराण्याच्या भल्याचा असतोच असं नाही, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरालाही कळायला हवं. आम्ही मात्र पुतळ्याची उंची मोजत बसतो.

परदेशात सगळं शहाणपण नांदतं असा माझा मुळीच दावा नाही. सेव्हियाच्या कॅथेड्रलमध्ये कोलंबसाची शवपेटी चार राज्यांचे चार भालदार खांद्यावर घेऊन उभे आहेत, माणसाहून मोठे, धातूचे. मार्तिन आलोन्सो ला राबिदाच्या मठात पुरला गेला असं म्हणतात. १२ ऑक्टोबरला इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते आणि टीव्हीवर माफी मागावी की मागू नये यावर आपल्याकडच्याइतकीच आरडाओरड. फरक असलाच तर त्या कॅथेड्रलच्या शेजारच्या इमारतीत आहे. तिथे इंडीजचा, म्हणजे स्पेनच्या जुन्या वसाहतींचा, दप्तरखाना आहे आणि त्या खटल्याचे कागद आहेत. राजाच्या फायद्यासाठी गोळा केलेले, वकिलाने हव्या त्या दिशेने वळवलेले, तरीही जपलेले. कुठला साक्षीदार स्वतः जहाजावर होता आणि कोण ऐकीव सांगतोय, ते त्यांत लिहिलेलं आहे. बंड करणाऱ्या पाचसहा जणांना फासावर चढवा, जमत नसेल तर आम्ही भाऊ बघून घेतो, असं मार्तिन आलोन्सो कोलंबसाला म्हणाला, हे सांगणारा म्हातारा त्या सफरीला गेलाच नव्हता. तेही नोंदलंय.

आणि पुष्कळ जणांनी प्रश्नामागून प्रश्नाला एकच उत्तर दिलंय: ठाऊक नाही. समोर राजाचा वकील बसलेला, त्याला काय ऐकायचंय ते उघड, तरी खलाशी तेवढंच बोलून उठतो. समाधीवरच्या चर्चेत कुठल्याही वाहिनीवर कुठल्याही पाहुण्याने हे उत्तर दिलेलं मी अजून ऐकलेलं नाही.