नानांनी सांगेल पुस्तक

जे पुस्तक कोणी लिहिलंच नाही ते कुठे मिळेल म्हणून लोक सध्या मला विचारतात, आणि मी गप्प बसलो की वर मलाच सांगतात, "नानांना विचारून घ्या ना सर, त्यांना माहीत असेल." आता हे डोक्यात जाणार का नाही?

यावलकडे मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. चंपाषष्ठी झाली की आपल्याकडे रविवारी दुसरं काही असतं का? बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचेल भरीत, कळण्याची भाकरी, सोबत पातीचा कांदा. मित्राने ओळख करून दिली, "हे आपले सर, लई वाचतात." अशी ओळख झाली की पुढे दोनच गोष्टी होतात, एकतर लोक गप्प होतात नाहीतर वाचायचं काहीतरी सांगा म्हणतात, आणि सांगा म्हणणाऱ्याला वाचायचं असतंच असं नाही.

खाटेवरून आवाज आला, "मग आम्हाला बी सांगा ना भो एखांदं."

हे नाना. भुसावळचे, रेल्वेतून रिटायर, मफलर कानावरून घेऊन डोक्यावर गाठ मारेल. मला हुरूप आला. खोटं कशाला बोलू, मला पुस्तकं सांगायला आवडतात, भरीतापेक्षा जास्त आवडतात. म्हटलं आपण बसलोयत यावल तालुक्यात, सांगवी इथून हाकेवर, तर नेमाड्यांच्या कोसलापासूनच सुरुवात करू, मी दिवाळीत परत वाचली होती आणि अजून डोक्यात घुमत होती. 1963 ची कादंबरी. सांगितलं, पांडुरंग सांगवीकर, गावातलं पोरगं, पुण्याला कॉलेजला जातं.

"पानं किती?"

म्हटलं पानांचं सोडा नाना.

"बरं, शेवटी काय होतं?"

मी शेवट सांगत नसतो. पण नानांनी भाकरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असे बघत बसले की मी म्हटलं, परीक्षेत नापास होतो आणि गावाला परत येतो.

"हात्तिच्या! आमचा लहाना बी पुण्याहून तसाच परत आला. त्याच्यावर कोणी पुस्तक नाही लिहिलं."

यावर काय बोलणार. मी बहिणाबाईंकडे वळलो. आसोद्याचा जन्म, 1880 चा, लिहिता-वाचता येत नव्हतं, दळताना, शेतात काम करताना ओव्या रचायच्या आणि मुलगा सोपानदेव वगैरे घरचे लोक लिहून घ्यायचे, 1951 ला त्या गेल्या, ती वही अत्र्यांच्या हातात पडली आणि 1952 ला पुस्तक आलं. मी म्हटलं नाना, शाळेत पाठ केलं ते विसरा, आता या वयात सगळं पुस्तक सलग वाचून बघा, फार वेगळं लागतं. तर नाना म्हणे, "ते काय वाचायचं, ते लग्नपत्रिकेवर असतंच."

मग बालकवी. इथे नाना सरळ बसले, कारण मी बोलता बोलता भादली स्टेशन म्हटलं. बालकवी मूळ धरणगावचे, 1918 साली भादलीजवळ रेल्वेखाली गेले, वयाची अठ्ठावीस पण पुरी झाली नव्हती. नानांनी अप का डाऊन विचारलं. म्हटलं ते माहीत नाही, कविता फार सुंदर आहेत, निसर्ग... "निसर्ग राहू द्या, लाईन ओलांडत होता का? घरच्यांना काही मिळालं का मग रेल्वेकडून?" मी विषय कवितेवर आणायला म्हटलं, 1907 साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे कर्नल कीर्तिकरांनी या एवढ्याशा पोराला बालकवी म्हणून गौरवलं. "कर्नल? म्हणजे पोरगा मिलिटरीत होता?" म्हटलं नाही हो. पण नानांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते झालंय भरती.

शेवटी मी येणाऱ्या पुस्तकांचं काढलं. 2010 ला नेमाड्यांची हिंदू आली तेव्हा चार कादंबऱ्यांतली पहिली म्हणून आली, आणि माझ्यासारखे लोक पुढची कधी येते म्हणून बसलेत, हे मी जरा रंगवून सांगत होतो. नाना म्हणे, "जे आलंच नाही ते काय सांगता भो?" आणि भरीत घ्यायला उठले.

विषय संपला असं मला वाटलं. थोड्या वेळाने चुलीकडे एकदम सामसूम झाली म्हणून मान वळवून बघतो तर नाना पाटावर बसलेले, भोवती बाया-पोरं, आणि नाना सांगतायत.

"सांगवीचं पोरगं. बापाने पुण्याला शिकायला पाठवलं. माय बिचारी अडाणी, पण रोज पहाटे दळता दळता पोराच्या नावाने गाणं म्हणायची. तिकडे पुण्यात एका कर्नलने पोराला पाहिलं, म्हटला हा तर हिरा आहे, मिलिटरीत घेतो. पण पोरगं पेपरात नापास! कोणत्या तोंडाने घरी जाणार? तरी निघालं. माय इकडे जात्यावर बसेल. आणि भादलीला..."

इथे नाना थांबले. एका काकूंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. एक बारावीतली पोरगी डोळे पुसायला लागली.

"...गाडी कोणती होती ते लेखकाने लिहेल नाही. मी असतो तर लिहिलं असतं."

मी तिथे जाऊन म्हटलं, अहो नाना, ही तीन वेगळी पुस्तकं आहेत. कोणी ऐकलं नाही. काकू मला म्हणे, "तुम्ही वाचलं का हो हे?" मी तोंड उघडेपर्यंत नानाच म्हटले, "नाही, पण वाचतील. सरांना मी सांगेल आहे."

सरांना मी सांगेल आहे! भाकरी तशीच ठेवून मी हात धुतले.

गंमत सोडा, पण मला खरंच राग येतो. अमळनेरला 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं साहित्य संमेलन झालं, साने गुरुजींच्या कर्मभूमीत, मी पिशवी भरून पुस्तकं आणली, तेव्हा वाटलं आपल्याकडे आता वाचायचं जरा वाढेल. तालुक्याच्या दुकानात जा, गाईड आणि प्रश्नसंच सोडून काही मिळत नाही, कोसला मागितली तर कोणत्या वर्षाला आहे म्हणून विचारतात. वाचनालयात जा, टेबलांवर पोलीस भरतीची आणि एमपीएससीची पोरं खाली मान घालून बसलेली, त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही, नोकरी नाही तर ती तरी काय करतील, पण कादंबऱ्यांच्या कपाटाला कुलूप आणि किल्लीवाला कायम जेवायला गेलेला. ऑनलाईन मागवा म्हणतात, मागवतोच, पण चार पुस्तकं चाळून एक घ्यायची मजा त्यात कुठे? आणि त्या बारावीतल्या पोरीला पुस्तक पाहिजे होतं हो, खरंच पाहिजे होतं, तिने वहीच्या पानावर नाव लिहून घ्यायला पेन काढला तर नानांनी नाव सांगितलं, "भादलीचा कर्नल".

तिला मी नंतर माझ्याकडची कोसला दिली. तिने शेवट आधी उघडून पाहिला आणि विचारलं, "सर, यात रेल्वे कुठे आहे?"

परवा सकाळी नानांचा फोन. आवाजात एकदम आपलेपणा. फैजपूरला दुसरी पार्टी आहे, तिथे चांगली पन्नासेक माणसं येणार, एखांदं नवीन पुस्तक सांगा. मी जरा खवचटपणे म्हटलं, का, ते कर्नलचं सांगा की. नाना म्हणे, तिथे एक रिटायर मास्तर येणार आहे, तो वाचेल असला तर पंचाईत होते. मग जरा थांबून म्हणाले,

"ते अजून न आलेलं सांगत होते ना तुम्ही, तेच द्या."