कॅमेरा नसलेली संसद

संसदेचं अधिवेशन सुरू झालं की आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास पडतं: "यांना आपण गोंधळ घालायला निवडून देतो का?" सोबत हौद्यात उतरलेल्या खासदारांचा व्हिडिओ असतो. दरवेळी मी काहीतरी टाइप करतो आणि पुसून टाकतो. आज एकदाचं इथे लिहितो.

टीव्हीवर दिसते ती संसदेची दर्शनी बाजू. खरं दळण दळलं जातं ते समित्यांच्या खोल्यांत, जिथे कॅमेरा जात नाही. वेगवेगळ्या मंत्रालयांवर नजर ठेवणाऱ्या 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 खासदार, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्र्याला तिथे सदस्य होता येत नाही. मंत्रालयाचे सचिव समोर बसतात आणि खासदार त्यांना विचारतात की मागच्या वर्षी मागून घेतलेले पैसे खर्च का झाले नाहीत. ही व्यवस्था 1993 मध्ये 17 समित्यांनी सुरू झाली, 2004 मध्ये त्या 24 झाल्या. 1993 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष होते आपले लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. त्यांचं नाव निघालं की लोकांना 26/11 नंतरचा गृहमंत्रिपदाचा राजीनामा आठवतो. हे काम कुणाच्या गावीही नसतं.

या खोल्यांमध्ये आणखी एक गंमत आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सभागृहात व्हिप, म्हणजे कसं मतदान करायचं हा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. समितीत व्हिप चालत नाही. त्यामुळे सत्ताधारी खासदारही आपल्याच सरकारच्या सचिवाला धारेवर धरू शकतो. शिवाय बैठक बंद दाराआड होते, टाळ्या मिळवायला समोर कुणी नसतं. माणूस प्रेक्षक नसताना बराच शहाण्यासारखा बोलतो, हा माझा सोसायटीच्या मीटिंगांमधलाही अनुभव आहे.

मग निवडणुकीचा यात संबंध काय? सगळाच. समित्यांमधल्या खुर्च्या पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या जातात. आपण मत देतो तेव्हा पंतप्रधान कोण एवढंच ठरत नाही, संरक्षण, शेती, अर्थ या समित्यांत कोण किती संख्येने बसणार तेही ठरतं. 1967 ची निवडणूक बघा. काँग्रेस 283 जागांवर घसरली, स्वतंत्र पक्ष 44 जागा घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी लोकलेखा समितीचं अध्यक्षपद पहिल्यांदा विरोधी बाकावर गेलं, स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींकडे. कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल तपासून सरकारच्या खर्चाचा हिशेब मागणारी ही समिती 1921 पासून आहे, पण तोवर ती सत्ताधाऱ्यांच्याच हातात होती. कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, तरी तेव्हापासूनचा पायंडा आजवर टिकला आहे.

अलीकडचं उदाहरण घ्या. संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या मोजदादीनुसार 15 व्या लोकसभेत (2009-14) 71 टक्के विधेयकं तपासणीसाठी समित्यांकडे गेली होती. 17 व्या लोकसभेत (2019-24) हे प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. मग 2024 मध्ये भाजप बहुमताच्या अलीकडे, 240 जागांवर थांबला आणि त्याच वर्षी वक्फ सुधारणा विधेयक आणि एकत्र निवडणुकांचं विधेयक, दोन्ही संयुक्त समित्यांकडे, म्हणजे त्या-त्या विधेयकापुरत्या नेमलेल्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांकडे, गेली. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्याला मित्रपक्षांना विचारावं लागतं, त्याला समितीची आठवण लवकर होते.

म्हणून समित्या म्हणजे सोवळ्यातली जागा आहे असं अजिबात नाही. वक्फच्या समितीत विरोधकांच्या सुधारणा मतदानात पडल्या, सत्ताधारी बाजूच्या तेवढ्या स्वीकारल्या गेल्या. आणि यूपीएवाले मित्र लगेच खूश होतील म्हणून 2011 ची आठवण करून देतो. लोकलेखा समितीचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी 2जी स्पेक्ट्रम वाटपावरच्या अहवालाचा मसुदा घेऊन बसले, तर तेव्हाच्या सत्ताधारी यूपीएच्या सदस्यांनी सपा आणि बसपाच्या सदस्यांना सोबत घेऊन तो मसुदाच फेटाळला. व्हिप नसला तरी आकड्यांचं गणित खोलीत शिरतं ते असं.

"समितीकडे पाठवलं की विधेयक कुजतं," हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त समितीकडे गेलं, दोन वर्षांनी 81 दुरुस्त्या घेऊन परत आलं आणि ऑगस्ट 2022 मध्ये सरकारने तेच मागे घेतलं. पण घाईचा हिशेबही मांडू या. तीन कृषी विधेयकं सप्टेंबर 2020 मध्ये कुठल्याही समितीकडे न जाता मंजूर झाली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे रद्द करावे लागले. मधले 14 महिने, दिल्लीच्या सीमेवर बसलेले शेतकरी, आणि शेवटी हातात काय, तर शून्य. समितीने तीन-चार महिने घेतले असते, पंजाबच्या शेतकऱ्यालाही बोलावलं असतं आणि महाराष्ट्राच्याही. कायदे वाचले असते का, माहीत नाही. निदान कुणाला काय खुपतंय ते आधी कळलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की विधेयक समितीकडे जावं की नाही हे सरकारच्या सोयीवर सोडू नये. जर्मनीत पहिल्या वाचनानंतर विधेयक समितीकडे जाणं ही नेहमीची पायरी आहे. अमेरिकेत तर मांडलं की ते समितीकडेच जातं, आणि बहुतेक विधेयकं तिथेच मरतात, तो दुसरा टोकाचा प्रकार. तिथे बहुमत फिरलं की सगळ्या समित्यांची अध्यक्षपदं एका झटक्यात फिरतात. ते आपल्याला नको. ब्रिटनमध्ये 2010 पासून सरकारी खात्यांवर नजर ठेवणाऱ्या समित्यांचे (सिलेक्ट कमिटी) बहुतेक अध्यक्ष खासदार गुप्त मतदानाने निवडतात. हे मात्र उचलण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. 1993 पासून या समित्या एकेका वर्षासाठी नेमण्याची पद्धत चालत आली. रेल्वेचा अर्थसंकल्प कसा वाचायचा हे खासदाराला जेमतेम कळू लागतं, तोवर समिती नव्याने बनते. आणि 2024 मध्ये निकाल लागले 4 जूनला, समित्या झाल्या सप्टेंबरच्या अखेरीस. त्या मधल्या काळात जुलैचा अर्थसंकल्प मंजूरही होऊन गेला, अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी खर्चासाठी मागितलेले पैसे, एकाही स्थायी समितीने न तपासता.

आता आपलं. प्रचाराला आलेल्या उमेदवाराला आपण रस्ता, पाणी, उड्डाणपूल विचारतो, म्हणजे निम्मी नगरसेवकाची कामं. "तुम्ही कुठल्या समितीत होतात?" हे मी आजवर एकाही सभेत ऐकलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. समित्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर असतात, मागे बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात आणि त्यात हजर सदस्यांची नावंही. परवा रात्री मी एक अहवाल उघडला आणि आमच्या खासदारांचं नाव शोधलं. समितीच्या यादीत सापडलं. पहिल्या बैठकीच्या हजेरीत सापडलं. पुढच्या तीन बैठकांत नाही.

ग्रुपवर त्या पानाचा फोटो टाकलाय. अजून कुणी काही बोललेलं नाही.