प्रशिक्षणाने बाटली भरत नाही

दवाखान्यातला जंतुसंसर्ग थांबत नाही, कारण कर्मचाऱ्यांना हात धुण्याचं महत्त्व कळत नाही, हे दवाखान्यातल्या संसर्गावर मी वाचलेल्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी 22 वर्षं सिस्टर होती. हात कधी धुवायचे (पेशंटला हात लावण्याआधी, लावल्यावर वगैरे) ते प्रशिक्षणात शिकवलेले पाचही प्रसंग आम्हाला तोंडपाठ होते. पण साबण-पाण्याने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. रात्रपाळीला मी एकटी, वॉर्डात तीस पेशंट, त्यात कळा येत असलेली बाई, आणि मे महिन्यात नळ कोरडा. ड्रमातलं पाणी वॉर्डातल्या मावशींनी मगाने ओतलं तरच हात धुतले जायचे. सॅनिटायझरने 20 ते 30 सेकंदांत काम होतं, पण बाटली खाटेजवळ हवी ना! आमच्याकडे एकच, तीही टेबलावर, आणि संपली की पंधरा-पंधरा दिवस वाट बघायची.

हातमोज्यांची चूक मात्र आमची, आणि लेखात त्यावर एक ओळही नाही. मोजे घातले की हात स्वच्छच आहेत असं वाटतं. एकाचं ड्रेसिंग करून त्याच मोज्यांनी शेजारच्याची सलाईन मी स्वतः बंद केली आहे. एका बाळंतिणीचे सिझरचे टाके पिकले, ऐन सोयाबीनच्या सोंगणीत तिचा नवरा अठरा दिवस खाटेजवळ बसून राहिला. तो संसर्ग कोणाच्या हातून गेला, हे आम्ही कधी शोधलंच नाही. ते अजून मनातून जात नाही.